अडतीस टक्के

अडतीस टक्के दाखवत होता, आणि गेला.
स्क्रीन काळी. टॉवेलच्या काठावरचा चौथा हत्ती
सोंडेपर्यंत आला होता,
मी सेव्ह केलं नव्हतं.

नव्या पेठेत महांतेशनं तो उलटा केला,
नारळ हलवून बघतात तसा कानाशी धरला.
'बॅटरी मेली नाय ओ, ताई. हिशेब चुकायलाय तिचा.
रोज थोडं खाती, थोडं सोडती,
पोटात किती हाय ते तिलाच कळंना झालंय.
एकदा गळ्यापर्यंत भरा. दोन तास तसंच ऱ्हाऊ द्या.
मग वायर काढा आन् पार संपू द्या.
मधी लावायची नाय, कितीबी जीव तुटला तरी.
बंद पडली की पाच तास हात लावू नका.
मग परत भरा. एका दमात.'
पैसे घेतले नाहीत. पंख्यातली धूळ तेवढी फुंकली.

एका दमात!
विडी घरकुलात, मे महिन्यात, लाइट एका दमात?
अम्मा म्हणाली, रात्रीचं कर. रात्री सहसा जात नाही.

रात्री दहाला मी वायर काढली.
उजेड पूर्ण वाढवला,
त्याला झोपू द्यायचं नाही म्हणून
जुन्या चादरींचे नमुने एकामागून एक फिरत ठेवले.
त्या बदलत्या उजेडात अम्मा सूप मांडीवर घेऊन बसली.
भिजलेलं पान, कात्री, चिमूटभर तंबाखू,
बोटांची एक गुंडाळी, दोरा.
पंचवीसची जुडी ती मोजत नाही.
मूठ भरली की थांबते, आणि पंचवीसच असतात.
कारखान्यातला चेकर छाट काढतो,
पण आकड्यावर कधी बोट ठेवत नाही.

एकसष्ट. बावन्न.
अडतीसला मी श्वास धरला.
एकदम सात.
मधले तीस-एकतीस कुठं गेले कुणास ठाऊक.
आणि सातावर तो बसून राहिला.
दहा मिनिटं. पंचवीस.
पलीकडच्या कारखान्यात पाळी बदलली,
माग थांबले, परत सुरू झाले.
सात.
वायर माझ्या हातात, हाताला घाम.
'लाव की,' अम्मा म्हणाली. मग तीच म्हणाली, 'नको.'
चाळीस मिनिटं, सात.
एवढं होतं आत, तर दाखवत का नव्हता, मी म्हटलं.
अम्मानं दातानं दोरा तोडला.

नान्नांना काहीही विचारा, 'बागुंदि.'
पाठ? बागुंदि.
आठवड्यातून तीनच दिवस माग चालतो? बागुंदि.
एका मंगळवारी, भिवंडीला जाऊन येतो, म्हणाले,
ताटात अर्धी कडक भाकरी, चटणीत बोट बुडवल्याची खूण.
डबा न्यायला विसरले, म्हणून मी गल्लीच्या टोकापर्यंत पळाले होते.
तेव्हा सातवीत होते.
डबा अजून आहे. त्यात सुया ठेवतो.

सव्वाएकला तो विझला.
खोलीत एकदम इतका अंधार,
की अम्माचे हात थांबल्याचं मला ऐकू आलं.

सकाळी, पाच तास मोजून, वायर लावली.
कुलर बंद ठेवला, मिक्सर बंद ठेवला,
फ्यूज उडेल म्हणून शेजारच्या यमुनक्कालाही
इस्त्री नको म्हणून सांगून आले.
दुपारपर्यंत शंभर.

आता भरला की एक तास पन्नास मिनिटं दाखवतो,
आणि एक तास पन्नास मिनिटं चालतो.
पूर्वी साडेतीन तास सांगायचा आणि तासाभरात जायचा.
महांतेशला फोन केला, वाढली का म्हणायची ही?
'वाढायला काय पीक हाय का, ताई? खरं बोलायली, एवढंच.'

अम्माला सांगितलं.
'असू दे,' ती म्हणाली, 'सांगून जाईल तरी.'
मग हातातली जुडी तिनं सोडली,
विड्या सुपात पसरल्या,
आणि एकेकीवर बोट ठेवत मोजायला लागली,
ओकटि, रेंडु, मूडु,
मी तिला असं मोजताना कधीच बघितलं नव्हतं.

चोवीस होत्या.
तिनं परत मोजल्या.
मग पाण्यातलं एक पान उचललं.