शिवणीतली माया

ऑगस्टमध्येच माप घेतलं होतं मी स्वानलोइगचं.
छाती शहाण्णव, कंबर ब्याऐंशी,
खांद्यापासून घोट्यापर्यंत एकशे अडतीस.
"घाई नाही," ऑर्नोल्फुर म्हणाला,
"पण कापड बेतून ठेव."
आणि ऑडिशन होती सप्टेंबरच्या दुसऱ्या शनिवारी.
सहकारी दुकानाच्या दारावर कागद लागला:
सर्वांना संधी. अनुभवाची अट नाही.
तो कागदही मीच चिकटवला.
ह्याच हातांनी.

चौदा जण आले.
पोस्टातला हाल्डोर, दाढी करून.
शाळेतल्या दोघी, एकमेकींना चिमटे काढत.
पाद्रीबाईंनी गेल्या वर्षीसारखेच
पहिल्या ओळीला डोळे पुसले.
आणि मासळीच्या कारखान्यातून पाळी संपवून थेट
माल्विना,
केसांवर जाळी तशीच,
हातातला कागद घड्यांवर फाटत आलेला.
म्हणजे घोकून आली होती.

दीपगृहवाल्याच्या बायकोचा तो उतारा:
होडी परतत नाही,
आणि ती दिव्याची वात कातरत राहते.
बाकीच्या बायकांनी तिथे आवाज चढवला.
माल्विनाने उतरवला.
आमच्या भाषेतला र तिच्या जिभेवर आडवा पडतो, खरंय.
पण मधेच ती थांबली ना,
त्या थांबण्यात मला
खिडकीबाहेर धक्क्यावर आपटणारं पाणी ऐकू आलं.
तीस वर्षं या सभागृहात बसते आहे मी.
पाणी तेव्हाही तिथेच होतं.

मी काही बोलले नाही.
ओठांत टाचण्या होत्या.
हे खरं आहे,
आणि ही सबबही आहे.

स्वानलोइग शेवटी आली, हातात कागद न घेता.
वाईट नाही करत ती. हीच तर अडचण.
तिचा नवरा सभागृहाचं छप्पर रंगवून देतो,
ऑर्नोल्फुरची ती चुलतबहीण,
आणि बावीस वर्षं नायिका.
तिला तरी कुणी विचारलंय कधी,
बाई गं, कंटाळलीस का?

समिती स्वयंपाकघरात गेली.
तिघं, कॉफीचा एक थर्मास, सात मिनिटं.
नंतर कप विसळायला मी गेले
तर थर्मास भरलेलाच.

"उच्चार," ऑर्नोल्फुर म्हणाला, अगदी हळुवार,
माल्विनाच्या हातात तिचा कोट देताना.
"गर्दीच्या प्रवेशात ये ना. तिथे बोलायचं नसतं."
ती हो म्हणाली. आभार मानले.
र आडवा पडला.

आता रात्री मशीनवर बसले आहे.
सुईखाली निळं लोकरी कापड,
बाहेर नऊ वाजल्यापासून वारा.
बंड वगैरे काही नाही हं.
एवढंच, की कडेला दोन बोटं माया सोडायची
ती चार बोटं सोडते आहे.
कुशींना, बाह्यांना, खाली घेरालासुद्धा.
खोकी उचलून उचलून
माल्विना खांद्यांत रुंद झाली आहे.
टाका कच्चाच घालते,
एका ओढीत उसवेल असा.

ऑर्नोल्फुर विचारेल, एवढं कापड आत का कोंबलंस?
तेव्हा तोंडात टाचण्या नसतील असं बघेन.
सांगेन, पुढच्या साली माप ऑडिशन झाल्यावर.
कात्री माझी आहे.

किंवा नाहीही सांगणार.
मी मला ओळखते.

पण पहिल्या प्रयोगाला, पडद्यामागे,
हुक लावून घेताना
स्वानलोइगच्या कुशीला काहीतरी जाड लागेल.
चाचपून म्हणेल, "इथे काय ठेवलंयस गं?"

"जागा," म्हणेन.