देपालपूर रोड, रात्री पावणेदहा

हातोदच्या पुढे आत्या म्हणाली, डिपर दे.
हॉर्न नको, हॉर्नला बुजून रोजडा
नेमका आपल्याच अंगावर येतो.

हरभऱ्यातून उतरला एक,
डांबराच्या मधोमध उभा राहिला.
गळ्याखाली पांढरा ठिपका,
कुणी घाईत चुन्याचं बोट पुसावं तसा.
माझा पाय ब्रेकवर थरथरत होता.

गेला. मी गिअर टाकला.
"थांब. वीस मोज."
अकरावर दुसरी आली, भुरी,
आणि सतरावर तारेखालून पिल्लू,
पाय कुठे ठेवावा हे न कळणारं.

वीस झाले.
आत्या अजून शेताकडेच बघत होती.
आतोबांच्या स्कूटरचं नाव
तिनं आजही काढलं नाही.
काच वर केली, म्हणाली,
चल आता. चाळीसच्या वर नको.