आपण की आम्ही

ताडदेवला, दुसऱ्या मजल्यावर, बंद पडलेल्या एसीखाली
मी डबा उघडतो.
आंबूस वास, नासलेल्या लोणच्याच्या बरणीसारखा.
झाकणावर नंबर दोनशे सतरा,
खाली कुणाच्या तरी तिरक्या अक्षरात:
विमानतळ, ताब्यात घेतलेला.
कुठला, ते गंजाने खाल्लंय.

सुती हातमोजे घालून रीळ आधी हाताने फिरवायचं,
सावकाश, आजाऱ्याची कूस बदलावी तसं.
मग यंत्रावर चढवायचं. कानाला हेडफोन.
नऊ मिनिटं अठरा सेकंद.

माड, बुंध्यापासून मोडलेले.
धावपट्टीत खड्डे, खड्ड्यांत पाणी, पाण्यात आभाळ.
मग विमानं.
एक नाकावर उभं.
एकाच्या पोटातून गवत वर आलेलं, म्हणजे
अख्खा पावसाळा गेला असणार त्याच्यावरून.
एकाचा पंख नुसता बाजूला ठेवलेला,
जेवायला बसताना माणूस घड्याळ काढून ठेवतो तसा.
त्यावर बसून तीन सैनिक सिगारेट पेटवतात,
कॅमेऱ्याकडे बघून हसतात.
मधल्याचा पुढचा दात नाही.

निवेदकाचा आवाज भरदार, इस्त्री केलेला.
विमानतळ घेतला, म्हणतो. कुणी?
वुई.

इथे मी यंत्र थांबवतो.
नोंद मराठीत हवी, चारच्या आत,
कर्णिकसाहेबांना पुढे पाठवायचीय.
इंग्रजीचं बरं आहे, एका शब्दात भागतं.
मराठी बोट धरून विचारते:
आपण, की आम्ही?
ऐकणाऱ्याला धरून, की वगळून?
चार आण्याच्या बाकावर, अंधारात, ढेकूण मारत
मुख्य चित्रपटाची वाट बघणारा तो गिरगावकर,
ज्याचा धाकटा भाऊ तेव्हा येरवड्याला होता,
त्याला धरून?

आणि सहाव्या मिनिटाला येतो तो?
डोक्यावर मातीची पाटी, कमरेला आखूड पंचा,
चौकटीत डावीकडून शिरतो, खड्ड्यात पाटी उलटी करतो,
कॅमेऱ्याकडे बघत नाही.
कॅमेराही त्याच्याकडे बघत नसतो,
तो विमानाची शेपटी शोधत असतो.
चार सेकंद. शहाण्णव चौकटी.
मी पुन्हा मागे नेतो. पुन्हा पाटी भरते.
पुन्हा उलटी होते.

हेमलता तांडेल चहा ठेवते, पडद्यावर वाकते.
"तो गोळा कसला हो पंखावर?"
निशाणी असते, म्हटलं. कुणाचं विमान ते कळायला.
"मग कुणाचं?"
काळ्या-पांढऱ्यात सगळेच गोळे करडे, बाई.

"आमच्या मामंजींनी कुर्ल्याच्या भंगारातून
असाच पत्रा आणला होता म्हणे, लढाई संपल्यावर.
होडीच्या केबिनवर ठोकला. अर्धा लाल गोळा होता त्याच्यावर.
पोरं विचारायची, तर सांगायचे,
सूर्य आहे, बुडतोय.
मी लग्न होऊन आले तेव्हाही होता.
रिबिटांची भोकं डांबराने बुजवलेली."

वहीत रकाने असतात. मी भरतो.
ठिकाण: अज्ञात.
स्थिती: फीत आक्रसलेली, उजव्या कडेला ओरखडे.
विषय:
एक माणूस खड्डा भरतो आहे.
मागे विमानं.

कर्णिकसाहेब हे खोडतील. खोडू देत.

दोनशे अठराचं झाकण निघत नाही,
मी स्क्रूड्रायव्हर शोधतो.
हेमलता रिकामा कप उचलते, दारातून वळून म्हणते,
"पाऊस आला ना, की छपराचा तेवढाच तुकडा
वेगळा वाजायचा."