कांद्यांचा हिशेब

समितीनं मला पाणी दिलं, कागदाच्या पेल्यात.
नाव सांगा म्हणाले.
ओडेसा प्रुइट. अकरा वर्षं त्या घरची स्वयंपाकीण.
दारावर तीन ग्रीक अक्षरं होती, मला कधी वाचता आली नाहीत.
पोरं मला मिस ओ म्हणत,
तेवढं एक अक्षर माझं.

सोमवारी यादी करायची, मंगळवारी ट्रक यायचा.
अंडी तीस डझन, बेकन, सव्वीस पाव,
दूध चौदा गॅलन.
सप्टेंबर संपताना यादीखाली
कुणाच्या तरी घाईच्या अक्षरात:
कांदे, दोन पोती. दूध, आणखी वीस.
दरवर्षी.

काय करता रे एवढ्या कांद्यांचं, असं मी विचारलं नाही.
कुणी चिरले असते तर माझेच डोळे आधी गळले असते.
चिरले नव्हतेच.
सकाळी कचऱ्यात सापडायचे,
सालासकट चावलेले, सफरचंदासारखे,
आणि तळघराच्या पायऱ्यांना ब्लीचचा वास.

पावत्यांवर सह्या माझ्या.
अकरा. त्यांनी टेबलावर ओळीनं मांडून दाखवल्या.

थेरॉन विकस्ट्रॉम विस्कॉन्सिनचा, गोठ्यात वाढलेला.
पहिल्या दिवशी माझ्या ग्लासातलं दूध पिऊन हसला,
म्हणाला, मिस ओ, याला आमच्याकडे धुवण म्हणतात.
न सांगता ताटं पुसायचा.
त्या गुरुवारी पहाटे साडेपाचला मागच्या दारानं आला,
ओटमील घेतलं,
आणि मी दुधाचं भांडं पुढं केलं तर
खुर्चीसकट मागे सरकला.

तेव्हा मी काय बोलले, ते समितीला सांगितलेलं नाही.
मी म्हटलं, बाळा, पहिले पंधरा दिवसच कठीण असतात.

रात्री अँब्युलन्स आली भोंगा वाजवत.
गेली ती सावकाश, सिग्नलला थांबत.

पोरांचा वकील मला व्हरांड्यात गाठून म्हणाला,
बाई, त्या घराचं मीठ खाल्लंत तुम्ही.
अहो, मीठ मी घालत होते.

मग विद्यापीठानं सगळीच घरं बंद केली, एकोणीसच्या एकोणीस,
पुढील आदेशापर्यंत.
हिरवळीवर कुणी ओरडलं, कुणी मेणबत्त्या लावल्या,
सोफे रस्त्यावर आले, पावसात भिजले.
ज्यानं त्या रात्री गॅलन मोजले होते
तो प्रेस्कॉट माझ्या ओट्यावर डोकं टेकून रडला,
आणि मी त्याला अंडं करून दिलं.
त्याचं काय ते तुम्ही ठरवा.
भुकेलं पोर समोर आलं की माझा हात तव्याकडे जातो,
हा माझा गुण की खोड, मला अजून कळत नाही.

दुकानात दातांचे डॉक्टर भेटले, सत्याऐंशीच्या तुकडीतले.
म्हणाले, आम्हीही खाल्लेच की. माणूस बनतो त्यानं.
काही झालं का मला?
त्यांच्या ढकलगाडीत आठवड्याचं सामान होतं.
बटाटे, गाजरं, लसूण, सेलरी.
कांदा नव्हता.

पोटात ठेवायचं, बाहेर बोलायचं नाही,
असं त्यांच्या शपथेत होतं म्हणे.
मी शपथ घेतली नव्हती.
माझ्या पोटात मग ते कुणी ठेवलं?

थेरॉनची आई आली होती त्याच्या वस्तू न्यायला.
हात गोठ्यातले, नखांशी चिरा पडलेले.
तिनं ना चौकशीचं विचारलं, ना शिक्षेचं.
एवढंच: त्या दिवशी जेवला होता का?

हो, म्हटलं. ओटमील.
दूध घालून?
मी हो म्हटलं.

मंगळवारी ट्रक आला.
रद्द करायचं कुणाच्या लक्षातच नव्हतं.
तीस डझन अंडी मागच्या पायरीवर,
आणि ड्रायव्हर पेन पुढं करून उभा.