मधलं तास

कुरियन मिस्त्री नागपूरहून यष्टीनं आला,
मांडीवर लाकडी पेटी, जणू आत अंडी आहेत.
दारव्ह्याच्या अलीकडे मुरुमाची धावपट्टी,
कडेला अंबाडी, औषधाची रिकामी पिंपं,
आणि फवारणीचं पिवळं विमान
तीन दिवस हीव भरल्यासारखं थरथरणारं.

मी नऊ वर्षांचा. बापाच्या मागं उभा.
बाप, गोमाजी सुतार,
विमानाला लाकडी टेकू द्यायला बोलावलेला.
त्यानं एक डोळा मिटला, पंख्याची पाती पाहिली,
म्हणाला, "दोनीबी सारखेच हायेत, साहेब."
कुरियन हसला नाही. पेटी उघडली.

निळ्या मखमलीत ॲल्युमिनियमची चौकट,
तिच्यात फिरती तबकडी, अंशांच्या बारीक रेघा,
मधोमध काचेच्या नळीत बुडबुडा,
भिजल्या हरभऱ्याएवढा,
एका जागी न बसणारा.

"पण जमीनच वाकडी हाये," मी म्हणालो.
खरंच होतं, एक चाक उंदराच्या बिळात गेलेलं.
"असू दे," तो त्याच्या तुटक मराठीत म्हणाला.
"आधी हबला विचारायचं, तू कसा उभा.
तो उभा तसं शून्य.
मग पात्याला विचारायचं."

पात्यावर तीस इंचांवर पेन्सिलीची रेघ,
कारण पातं बुडाशी ताठ, शेंड्याकडे निजत गेलेलं.
जागा न सांगता कोन सांगणं
म्हणजे गाव न सांगता सोयरीक सांगणं.
पहिलं पातं: सतरा अंश, वर दोन दशांश.
दुसरं: सोळा, वर तीन.
बापानं मिटलेला डोळा उघडला.

"एका रातीपुरतं मले द्याल का?"
पावती लिहायला बापाला येत नव्हतं.
त्यानं आपली तासणी काढून ठेवली, पेटीच्या जागी.

रात्री कंदिलाशी आधी माझं नाक मोजलं.
मग उखळ, मग दाराची चौकट.
"माह्या चुलीले नोको लावू ते," आई ओरडली.
मग पडवीत, दुरुस्तीला आलेली
पुंजाराम गावंड्याची तिफण.
तीन वर्षं पुंजाराम सांगत होता,
मधलं तास चार दिवस उशिरा उगवते.
तीन वर्षं बाप सांगत होता,
डाव्या अंगाचा बैल दबून चालते तुया.

दिंडावर आधी शून्य.
पहिला फण सव्वीस. तिसरा सव्वीस.
मधला, एकोणतीस.
पुन्हा शून्य. पुन्हा एकोणतीस.
कंदिलाची काच काळी झाली
तरी बुडबुडा जागचा हलला नाही,
बापही नाही.

पहाटे पाचर बदलून तिफण खांद्यावर घेतली,
पुंजारामच्या अंगणात टेकवली.
"बैल चांगला हाये तुया. फण मायाच चुकला."
पुंजाराम दात घासत होता. राखुंडीचं बोट तसंच राहिलं.
"बैल?" तो म्हणाला,
"तो तं गुदस्ताच दिग्रसच्या बाजारात इकला ना, बापा.
तूच म्हटलं होतं."

आता मी हँगरात काम करतो. माझ्या यंत्रात बुडबुडा नाही,
आकडे लुकलुकतात, शून्याचं बटण आहे.
नवी पोरं ते दाबायचं विसरतात
आणि जमिनीला शिव्या देतात.

त्या सकाळी यंत्र परत करायला मीच गेलो,
बाप आला नाही.
कुरियननं पेटी मिटली, तासणी माझ्या हातात दिली.
रात्रभरात तिला धार लावली होती.
किती अंशांची, ते त्यानं सांगितलं नाही.