तिसावा प्रश्न

तार्तूच्या वसतिगृहात, चौथ्या मजल्यावर,
माझी प्रश्नावली तीन आठवडे फिरते आहे.
"माझं काम शेवटच्या घटकेपर्यंत पडून राहतं":
कधीच नाही, क्वचित, अधूनमधून, बहुधा, नेहमी.
गोल करा. नाव लिहू नका.

योसेपनं अजून दिलेली नाही.
सोमवारी निबंध द्यायचा, म्हणून तो ओव्हन घासतोय,
गेल्या हिवाळ्यातला करपलेला पाव
सुरीच्या टोकानं खरवडून काढतोय.
परीक्षा आल्या की आमचं स्वयंपाकघर लखलखतं.
कुठल्या रकान्यात बसवू याला?
आळशी म्हणावं, तर हाताला फोड आलेत.

मारेतनं दिली, पण पेन्सिलीनं,
प्रत्येक गोल खोडून पुन्हा काढलेला.
सतराव्यापाशी कागद फाटलाय.
तिच्या प्रबंधाचं पहिलं वाक्य
सप्टेंबरपासून पहिलंच आहे.
चांगलं सुचेल तेव्हा लिहीन, म्हणते.
वाईट लिहून बघायचं
तिला कुणी शिकवलेलंच नाही.

हिल्लेची मात्र त्याच संध्याकाळी आली.
शाईनं. एकोणतीसच्या एकोणतीस.
चालढकलीचे गुण सगळ्यांत कमी;
माझ्या आलेखात ती डाव्या कोपऱ्यात
एकटीच उभी आहे.
तिची पुस्तकं मुदतीआधी परत जातात,
मोजे जोडीनं वाळतात.

दर रविवारी सहाच्या सुमाराला
ती फोन घेऊन जिन्यात जाते.
आई गाईंचं सांगते, सरपणाचं,
बर्फात रुतलेल्या ट्रॅक्टरचं.
हिल्ले हो म्हणते. हो. हो ना.
कायदा सोडून भूगर्भशास्त्र घेतल्याला
चौदा महिने झाले,
हे पुढच्या रविवारी सांगायचं आहे.
जिन्यातला दिवा आपोआप विझतो,
ती हात हलवून पुन्हा लावते.

हा प्रश्न मी घातलाच नव्हता.

तिसावा घालू का, असं मी मार्गदर्शकबाईंना लिहिलं,
म्हणजे लिहायचं ठरवलं.
त्यांच्या दोन ईमेल अजून उघडायच्या आहेत;
"तिसरं प्रकरण कुठे" एवढं
न उघडताही दिसतं.

आज दुपारी नदीवरचा बर्फ तडकला.
सगळे बघायला पुलावर धावले,
मीही गेले.
योसेपच्या हातात अजून रबरी मोजे होते.
मारेत म्हणाली, हा आवाज कसा लिहायचा?
कुणीच काही बोललं नाही.
हिल्लेनं घड्याळ पाहिलं:
चला, जेवायची वेळ झाली.
आज रविवार होता.