बंब

आधी राजदूत उघडली.
तीच, जिच्यावरून हिलालच्या वडिलांनी सत्तावीस वर्षं
मारवडहून अमळनेरला दूध घातलं.
कॅन अडकवायच्या कड्या निघाल्या, घट्टे राहिले.
मडगार्ड काढलं, दिवा काढला, आरसे काढले,
मागची सीट काढली तेव्हा मी विचारलं,
आणि मी?
रेसच्या गाडीला एकच माणूस असतो, म्हणाला.

एक जुना फोटो त्याच्या डोक्यात बसलेला:
शंभर वर्षांपूर्वीचा, परदेशातला,
लाकडी फळ्यांचं वाटोळं मैदान
परातीच्या काठासारखं उभं होत गेलेलं,
आणि त्यावर ओणवी पोरं, ब्रेक नसलेल्या गाड्यांवर.
मला सारंगखेड्याच्या जत्रेतला मौत का कुआँ आठवला.
तिथेही फळ्या होत्या.
एक सैल फळी दर फेरीला वाजायची, खट्,
आणि मी कठडा धरला होता, नवऱ्याचा हात नाही.

हँडल हवं होतं एडक्याच्या शिंगासारखं, खाली वळलेलं.
झिपरू आबा मिलमध्ये टर्नर. मिल बंद पडली
तरी खिशात मायक्रोमीटर घेऊन फिरतात.
ते म्हणाले, पाइपात वाळू भर, पण ठणठणीत कोरडी,
ओल राहिली तर तोंड फोडील.
मग बोरीची वाळू मी कढईत भाजली
फुटाण्यांसाठी भाजतात तशी,
तळहात वर धरून वाफ गेली का बघत.
ठोकून ठोकून भरली, दोन्ही टोकांना बाभळीच्या खुंट्या.
पाइप लाल झाला. आबा म्हणाले, आता.
मी ओढलं.
तो वाक माझा आहे. डावीकडे जरा जास्त आला.

त्या कढईतली भजी महिनाभर कचकचत होती.
कोणी बोललं नाही.

गल्लीत रोज तेच.
भो, ब्रेक कथा शे?
नही शे.
मंग थांबशी कसा?
हिलाल अंगठ्याखालचं बटण दाखवायचा, ठिणगी तोडणारं.
आबा तोंडातल्या तोंडात: ठिणगी तुटस भो, वेग कथा तुटस?

पत्र्याची टाकी तिसऱ्यांदा गळली
तेव्हा हिलाल मोरीजवळ जाऊन उभा राहिला.
तिथे सासूबाईंचा तांब्याचा बंब.
पाणी आता गॅसवर तापतं, बंबात मी कांदे ठेवते.
मी नाही म्हणाले. दोन दिवस नाही म्हणाले.
तिसऱ्या दिवशी कांदे टोपलीत काढले.
नळा कापला तर आत राख, मूठभर,
कुठल्या सालच्या पऱ्हाट्यांची कोण जाणे.
पत्रा उलगडला, ठोकला, लांबट वळवला, झाळला.
गळली नाही.

रविवारी जिनिंग बंद असतं. अंगण सिमेंटचं,
मधे सरकी, भिंतीशी कापसाचा डोंगर.
हिलाल दोनदा बसला, दोन्ही वेळा गुडघे हँडलला.
फोटोतली पोरं बारकी होती,
हे त्याने मापात धरलंच नव्हतं.
आबा माझ्याकडे बघायला लागले.
हिलाल जमिनीकडे.
मी वॉचमनच्या खोलीत जाऊन त्याची पँट चढवून आले,
कमरेला सुतळी.

दोघांनी ढकललं. क्लच सोडला.
राजदूत खोकली आणि मग तोच आवाज,
पहाटे पाचचा, दुधाचा,
फक्त कॅनांचा खुळखुळाट वजा.
डावीकडे वळायला मला काही करावं लागत नव्हतं,
ती आपणहून वळत होती.
गुडघ्यांना तांबं लागत होतं.
जन्मभर त्या बंबापासून हात राखून वागले,
आज तो गार.

किती फेऱ्या झाल्या, आबा सात सांगतात.
मी बटण दाबलं.
आवाज गेला.
वेग तसाच.
समोर कापूस.

नाकात रुई, केसांत वाळकी पानं,
कुठूनतरी हिलालची हाक, मग त्याचे पाय.
त्याने आधी मला बाहेर ओढलं,
मग टाकीवरून हात फिरवत राहिला, बराच वेळ.
उजव्या अंगाला पोचा आलाय,
माझ्या गुडघ्याएवढा.
आबा म्हणतात, पाच मिनिटांत काढतो.
मी काढू देत नाही.